कासियानच्या धुण्याच्या खोलीतल्या दुर्बिणी

हिंटरग्रीसमधला एखादा शिकारी मेला की कासियान फाल्बेसोनर त्याच्या घरी फार लवकर पोचतो, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. दफनानंतरच्या जेवणाची भांडी अजून ओली असतात आणि हा दारात उभा. हातात अक्रोडाचा केक, नजर कपाटावर. "तुमच्या माणसाची दुर्बीण कुठे आहे हो? नुसती पडून राहिली तर आत बुरशी धरते." त्या बिचाऱ्या विधवेला बुरशीचं काय कळणार? ती दुर्बीण काढून देते. थोड्याच दिवसांत तीच दुर्बीण कासियानच्या घरी, कपडे धुण्याच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर विकायला ठेवलेली दिसते.

म्हणून माझी मुलगी अफ्रा जेव्हा म्हणाली, "आई, मी पहिली दुर्बीण कासियानकडूनच घेणार," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

अफ्रा बावीस वर्षांची. रॉयटेला दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. आमच्या घरात कुणी शिकारी नाही. माझा नवरा गेब्हार्ट हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवतो आणि उन्हाळ्यात तेच रस्ते दुरुस्त करतो. सापळ्यातला उंदीर उचलायलासुद्धा त्याला मी लागते. पण पोरीने शिकारीचं मनावर घेतलं आणि वसंतात परीक्षा पास होऊन आली. शिकारी झालं की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. त्यामुळे माझी एवढीशी पोर अडुसष्ट वर्षांच्या कासियानला "अरे कासियान" म्हणू लागली, आणि मी मात्र 'तुम्ही'वरच राहिले. मला ते एकूण काही बरं वाटत नव्हतं.

आमच्या शिकारक्षेत्राचा प्रमुख लोरेन्झ. त्याने अफ्राला एक परवाना दिला. एक गाम्स, म्हणजे कड्यांवरची रानबकरी. ती मादीच हवी, म्हातारी हवी आणि तिच्या मागे पिल्लू नको. हे बोलायला सोपं आहे. पण गाम्समध्ये नरालाही शिंगं आणि मादीलाही, तीही जवळपास सारखीच आकड्यासारखी वळलेली; आणि ती उभी असते पलीकडच्या उतारावर. मारलेल्या प्रत्येक जनावराची शिंगं वसंतातल्या प्रदर्शनात गावच्या सभागृहाच्या भिंतीला टांगतात. बरोबर जनावर मारलं असेल तर शिंगांखाली हिरवी टिकली चिकटवतात, चुकीचं असेल तर लाल. मग सगळं गाव बिअरचे ग्लास घेऊन त्या भिंतीसमोरून फिरतं. लोरेन्झने अफ्राला आधीच सांगून ठेवलं होतं, "पहिल्याच वर्षी लाल टिकली लागली, तर पुढची कित्येक वर्षं तू फक्त जनावरांसाठी वर मीठ वाहून नेशील. बंदूक घरी."

पहिल्या शिकारीला सोबत एक जाणता माणूस असतो. त्याने दुर्बिणीतून बघून "योग्य" म्हटल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आमच्याकडे तो जाणता माणूस म्हणजे कासियान. सगळा जन्म त्याने वरच्या केबलकारची चाकं आणि दोर सांभाळण्यात काढला. वादळात खांबावर चढून ग्रीस लावणारा माणूस, असं त्याचं नाव होतं. निवृत्त झाल्यावर शिकारक्षेत्राचा रखवालदार झाला, छातीवर बिल्ला आला. त्याची बायको लुडमिला ब्रेगेन्झला बहिणीकडे राहते आणि नाताळला येते. भांडण वगैरे काही नाही. तिला डोंगर नको आणि याला सपाटी नको, एवढंच.

दुर्बीण घ्यायला अफ्रा निघाली तेव्हा मीही कोट चढवला.

"आई, तू कशाला?"

"तुझे पैसे बेताचे आहेत म्हणून."

खोली तळघरात होती. साबणाचा वास, मशीन घरघरतंय, आणि समोरच्या उताराकडे उघडणारी एक रुंद खिडकी. मशीनच्या वर भिंतीला गाम्सच्या शिंगांची एकच जोडी टांगलेली होती आणि तिच्याखाली लाल टिकली, रंग उडून गुलाबी झालेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. पोरगा होतो तेव्हाची. दूध पाजणारी मादी मारली मी. पिल्लू संध्याकाळपर्यंत खडकावर उभं राहून ओरडत होतं." एवढं बोलून तो दुर्बिणी मांडायला लागला.

लाल टिकलीची शिंगं लोक माळ्यावर लपवतात, नाहीतर चुलीत घालतात. याने टांगून ठेवली होती. आपली चूक भिंतीवर मांडणाऱ्या दुकानदाराची मला जास्तच शंका येते. मी फोन पुढे केला.

"हे बघा. नवी कोरी एकनळी दुर्बीण. वीस ते साठ पट. ट्रायपॉड, पिशवी, सगळं धरून तुमच्या जुन्या मालापेक्षा स्वस्त."

त्याने फोन हातातसुद्धा घेतला नाही. "साठ पट? बाई, एवढ्या पैशातल्या साठ पटीत गाम्स दिसत नाही, लापशी दिसते. आणि तो ट्रायपॉड वाऱ्याने नाही, नुसत्या श्वासाने हलतो."

"न बघताच सांगताय."

"स्वस्त आहे हे तुम्हीच सांगितलंत. आणखी काय बघायचं?" मग तो अफ्राकडे वळला. "पोरी, ती काळी उचल. हात लांब करून खिडकीकडे धर. डोळ्याकडच्या भिंगांत उजेडाचे दोन ठिपके दिसतात?"

"दिसतात."

"गोल आहेत का?"

"डावा गोल आहे. उजवा कडेला कापल्यासारखा."

"ठेव खाली. आतल्या काचेत कंजूषपणा केलाय. आता ती हिरवी. टॉर्च घे आणि मोठ्या भिंगातून आत मार. कोळ्याचं जाळं दिसतं?"

"हो. बारीकसं."

"बुरशी. ही रुपर्टची. त्याच्या झेन्झीला म्हटलं होतं लवकर दे म्हणून. तिने कपाटात ठेवली, वर्षभर कवटाळून."

"मग बुरशीची दुर्बीण विकायला का ठेवलीत?" मी विचारलं.

"विकायला नाही, दाखवायला. बुरशी कशी दिसते हे पोरांना कळायला नको?"

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. अफ्राने स्वतःहून एक दहा पटीची उचलली. तो हसला. "चढून धापा टाकत बसलीस की दहा पटीत तुझं काळीजही दहा पट उडतं. सात पट घे. पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. संध्याकाळचा उजेड गेला तरी तिच्यात थोडा उरतो, आणि डोंगराचा मोठा तुकडा एकदम दिसतो." मग खरचटलेल्या रबराची एक बोजड दुर्बीण तिच्या हातात देऊन म्हणाला, "खिडकीत बस. मी कॉफी करतो. कॉफी संपेपर्यंत डोळ्यांवरून काढायची नाही. कपाळ दुखलं तर समज, दोन नळ्यांचं एकमेकींशी पटत नाही."

कॉफी ओतताना त्याने कपाच्या काठावरून बोट आत घातलं होतं. मला किळस आली. मी माझा कप तसाच ठेवला.

"काय दिसतं?" तो अफ्राला विचारत होता.

"गाम्स. तीन आहेत."

"तोंडं कुठे? मोठी कुठली? शेपटीकडचे केस कसे आहेत?"

आणि ती सांगत होती. तो मान डोलवत होता. सगळी तपासणी पोरीकडून करून घ्यायची, म्हणजे उद्या काही बिघडलं तर "तूच बघितलं होतंस" म्हणायला मोकळा, असा मी त्याचा अर्थ लावला. अफ्राने सात पटीची दुर्बीण घेतली आणि तीस पटीची एक जुनी एकनळी. वाढती-घटती नव्हे, एकाच पटीची. "वाढतीत आतली यंत्रं जास्त. स्वस्तात ती कधीच नीट बसत नाहीत," इति कासियान. भाव वाजवी होता. त्यामुळे माझी शंका आणखी वाढली.

मग दूध संघाच्या दुकानासमोर ती गोष्ट घडली. मी बाहेर उभी होते. कासियान समोरून आला. मी हसले. तो सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत, काही न बोलता पुढे गेला. मला वाटलं, त्या फोनवरच्या दुर्बिणीचा राग धरलाय. मी घरी जायला वळले आणि चार पावलं टाकली, तर मागून हाक आली, "अहो, अफ्राच्या आई! कधी आलात?"

उभी होते तेव्हा मी त्याला दिसले नाही, आणि चालायला लागल्यावर त्याने मला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथेच, न हलता उभी राहिले. तो गेला. ओळख नाही, देख नाही. तिसऱ्या दिवशी गेब्हार्टने मला गाडीतून पाहिलं.

"तू त्या म्हाताऱ्यावर पाळत ठेवतेयस?"

"पाळत कसली? उभी होते."

"दुधाच्या दुकानासमोर, रिकाम्या हाताने, पुतळ्यासारखी?"

"त्याला दिसत नाही, गेब्हार्ट."

"दुर्बिणी विकतो तो."

"म्हणूनच कुणाला कळलं नाही."

गेब्हार्ट हसून निघून गेला. मला खात्री हवी होती. दुर्बिणीचा पट्टा घ्यायचं निमित्त काढून मी कासियानकडे गेले. खिडकीत एकनळी दुर्बीण ट्रायपॉडवर उभी होती, उताराकडे तोंड करून. तो पट्टा शोधायला पलीकडच्या खोलीत गेला, तेवढ्यात मी ती वळवली. आत आता शेजारच्या गॅरेजची भिंत होती आणि पावसाच्या पाण्याचा पन्हाळ. दुसरं काही नाही.

तो परत आला. मी म्हटलं, "त्या कड्याखाली काहीतरी हलतंय वाटतं. जरा बघता?"

तो वाकला. डावा डोळा मिटला. कडं अगदी सराईतपणे फिरवलं, थोडं मागे, थोडं पुढे. बराच वेळ बघितलं.

"हं. दोन आहेत," तो म्हणाला. "एक बसलीय."

मी पट्टा घेतला आणि घरी आले. माझी पोर या माणसाच्या एका शब्दावर गोळी झाडणार होती.

अफ्राला सांगितलं तेव्हा ती क्नोडेलच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी पाव कुस्करत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"तू आधीपासूनच त्याच्या मागे लागली आहेस."

"भिंत होती समोर! भिंतीवर त्याला दोन गाम्स दिसल्या!"

"तुला वाईट वाटू नये म्हणून बोलला असेल."

"मी लोरेन्झला सांगते."

आता तिचे हात थांबले. "सांग. मग लोरेन्झ त्याचा बिल्ला काढून घेईल. दुसरा माणूस कुठून येणार? मोसम संपत आलाय. माझा परवाना जाईल आणि सगळे म्हणतील, आईने चहाडी केली. आई, प्लीज."

"आणि लाल टिकली लागली तर?"

"बघणार मी आहे. तो फक्त विचारतो."

"शेवटी 'योग्य' कोण म्हणतं?"

ती पुन्हा पाव कुस्करायला लागली, नको तेवढ्या जोराने. त्यावरून मला कळलं की तिलाही थोडीफार शंका होतीच. शेवटी असं ठरलं की मी लोरेन्झकडे जाणार नाही, पण त्यांच्याबरोबर वर जाईन. तोंड बंद ठेवून. पोरीच्या पहिल्या शिकारीला आई बरोबर, असं आमच्या खोऱ्यात कधी ऐकलं नव्हतं. कासियानला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "येऊ दे. डबा कोण आणणार नाहीतर?"

ऑक्टोबर संपत आला होता. उजाडलं तेव्हा आम्ही झाडांची हद्द ओलांडून वर आलो होतो. कासियान पुढे. मी त्याच्या पायांकडे बघत होते. एकही पाऊल चुकलं नाही. वाट त्याच्या पायांना पाठ होती. खिंडीजवळच्या एका सपाट दगडावर तो असा बसला जसं कुणी स्वयंपाकघरातल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसावं.

अफ्राने सात पटीच्या दुर्बिणीतून उतार चाळला, आणि बऱ्याच वेळाने ती कुजबुजली, "एक आहे. एकटी. बसलीय." दुर्बीण तिने माझ्या हातात दिली. "ही धर. म्हणजे तुझे हात गुंतून राहतील." मग दगडावर पडून तिने एकनळी लावली.

"चेहऱ्यावरचे पट्टे?" कासियानने विचारलं.

"फिके. राखाडी झालेत."

"मान?"

"बारीक. पाठ मधे खाली गेलीय. मागची हाडं वर आलीत."

"शिंगांच्या बुडाशी?"

"काळं काहीतरी... झाडाचा डिंक आहे. त्यामुळे जाड वाटतात. शिंग स्वतः बारीक आहे."

"शाबास. तिथेच पोरं नर समजून फसतात. आचळ?"

"बसलीय. दिसत नाही."

"उठेपर्यंत थांबायचं."

आम्ही थांबलो. थंडी बुटांतून वर चढत होती. शेवटी ती उठली, पण आमच्याकडे पाठ करून.

"आता?"

"केसच केस. आचळ सुकं वाटतं. नक्की नाही सांगता येत."

"पिल्लू?"

"नाही दिसत."

"सरक. मला दे," कासियान म्हणाला. डावा डोळा मिटला, कडं मागे-पुढे फिरवलं. अगदी त्या दिवशीसारखं. "म्हातारी. एकटी. योग्य."

अफ्राने पिशवीवर बंदूक टेकवली. मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. माझ्या हातात ती बोजड दुर्बीण होती, ती मी डोळ्यांना लावली. एकनळीत एकच जनावर भरून दिसायचं. हिच्यात डोंगराचा मोठा तुकडा होता आणि मादी त्याच्या मधोमध, अंगठ्याएवढी. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी कडा शोधल्या, वर, खाली, डावीकडे. डावीकडे वर, मुरमाच्या घसरणीवर, काहीतरी तपकिरी हललं. लहान.

"अफ्रा, थांब! वर पिल्लू आहे."

"कुठे?" कासियानने विचारलं.

मी उताराकडे बोट केलं.

"कुठे म्हणतोय मी!"

"समोर," मी म्हटलं. "तुम्हाला दिसत नाही ना, कासियान?"

अफ्राने बोट चापावरून काढलं. पिल्लू ओरडत, घसरत खाली येत होतं, सरळ त्या मादीकडे. पिल्लू जवळ आलं, त्याने तिला हुंगलं. आणि म्हातारीने मान खाली घालून त्याला शिंगांनी ढोसलं. एकदा, मग आणखी एकदा. पिल्लू बाजूला पळालं. पलीकडच्या घळीतून दुसरी एक मादी वर आली, आम्हाला आधी न दिसलेली, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. एवढ्यात म्हातारी सावकाश चालत कड्यामागे गेली. वरून बर्फाची भुरभुर सुरू झाली.

"तिचं नव्हतं?" कासियानने विचारलं.

"नाही," अफ्रा म्हणाली. "दुसरीचं होतं."

"म्हणजे म्हातारी योग्यच होती."

अफ्राने बंदुकीतली गोळी काढली. "तू बघितलंस का रे तिला? खरं सांग."

तो हातमोजे घालू लागला. "नाही. तू जे सांगत होतीस ते म्हाताऱ्या मादीचं वर्णन होतं. तुझ्या सांगण्यावर मी 'योग्य' म्हटलं."

"आणि तुझ्या म्हणण्यावर मी बंदूक टेकवली."

"हो."

"म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं."

मी डबा उघडला. कुणी खाल्लं नाही. उतरताना कासियानच पुढे होता आणि अजूनही एकही पाऊल चुकत नव्हतं. मला त्याचाही राग आला.

खाली आल्यावर तो घरी गेला नाही. सरळ लोरेन्झच्या अंगणात शिरला. आम्ही मागोमाग. लोरेन्झ ट्रॅक्टर धूत होता. "काय रे, टोपीला शिकार मिळाल्याची डहाळी दिसत नाही. मिळाली नाही?"

कासियानने कोटावरचा बिल्ला काढला आणि ट्रॅक्टरच्या ओल्या नाकाडावर ठेवला. "मला दिसत नाही, लोरेन्झ. मधलं सगळं गेलंय, कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर डोकं नाही, नुसती टोपी आहे."

"कधीपासून?"

"मागच्या मोसमाआधीपासून."

लोरेन्झने पाणी बंद केलं. "म्हणजे मागच्या साली पोरं नेलीस ती? त्यांच्या सगळ्यांच्या शिंगांखाली हिरव्या टिकल्या लागल्यात!"

"पोरांनी नीट बघितलं असेल. नाहीतर नशीब. मला कसं कळणार कुठलं ते?"

"अरे गाढवा! मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू वर जाऊ दिलं नसतंस."

"अर्थातच नसतं दिलं!"

"तेच," कासियान म्हणाला.

लोरेन्झने शिव्या दिल्या, बऱ्याच, आणि मला त्या देता आल्या नव्हत्या म्हणून मी त्या मनापासून ऐकल्या. मग त्याने अफ्राकडे बघितलं. नवा माणूस मिळेपर्यंत परवाना थांबला, असं म्हणाला. तो आवाज उतरवून बोलला हे तिला जास्त लागलं असावं. त्या आठवड्यात वरच्या वाटा बर्फाने बंद झाल्या आणि मोसम तसाच संपला. येत्या वसंतात भिंतीवर अफ्राची शिंगं नसतील, ना हिरव्या टिकलीची ना लाल.

लोरेन्झकडून घरी येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता बरसणार. तिने आवाज न चढवता विचारलं, "तू बोलली नसतीस तर मी गोळी झाडली असती ना?"

"हो."

"आणि ती बरोबर लागली असती. म्हातारीच होती."

"हो. रागावलीस का माझ्यावर?"

"रागावले आहे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "हिरवी टिकली लागली असती, आई. आणि मी जन्मभर समजले असते की मला ओळखता येतं."



कासियान अजून दुर्बिणी विकतो. फक्त आता खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो, "मला दिसत नाही. काय दिसतं ते तुम्हीच बघा आणि पटलं तरच घ्या." शनिवारी अफ्रा तिथे जाते. आत टॉर्च मारून ती बुरशी शोधते आणि मोठ्याने सांगते, तो ऐकतो आणि भाव ठरवतो. ती तिथे फार वेळ थांबली की मी काहीतरी निमित्त काढून जाऊन येते.

परवा दूध संघाच्या दुकानात विकणाऱ्या बाईंनी लोण्याचं पुडकं माझ्याकडे सरकवत विचारलं, "काय हो, ते कासियानचं नवीन ऐकलंत? म्हणे दिसत नाही! चांगली दुर्बीण स्वतःला ठेवायची आणि 'मला काय कळतंय' म्हणत उरलेली गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. भारी शक्कल आहे."

"खरंच दिसत नाही त्याला," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलंय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मग पैसे परत देताना अगदी सावकाश मोजून दिले, जणू त्या धंद्यात माझाही वाटा होता.